एकच लेन्स, दोन वेगळे निकाल: टेलिफोटो झूमची तुलना कशी वाचायची, कशी करायची

टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचा विषय हवा तसा कमी-जास्त जवळ आणणारी लेन्स, घ्यायची ठरली की माणूस चाचण्या वाचायला बसतो आणि गोंधळून उठतो. एक परीक्षक लिहितो, ही लेन्स ४०० मिमीला सॉफ्ट आहे, म्हणजे बारीक तपशील पुसट दाखवते. दुसऱ्याने त्याच लेन्सने, त्याच ४०० मिमीला काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मानेवरचं पीस न् पीस वेगळं दिसतं. दोघांनीही जे पाहिलं तेच लिहिलेलं असतं. मग ती लेन्स नक्की आहे तरी कशी?

वाइड किंवा नॉर्मल लेन्सच्या चाचण्यांत इतकी तफावत सहसा पडत नाही. टेलिफोटोत पडते, कारण फोटोतल्या सॉफ्टपणात लेन्सचा वाटा किती, हवेचा किती, हादऱ्याचा किती आणि चुकलेल्या फोकसचा किती, हे वेगळं न काढताच तुलना केली जाते. आणि खापर दरवेळी लेन्सवर फुटतं.

## अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

सुरुवात दोन शब्दांपासून करू. फोकल लेन्थ मिलिमीटरमध्ये मोजतात. ती जितकी जास्त, तितकं चौकटीत मावणारं दृश्य अरुंद आणि लांबचा विषय मोठा. अपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट. एफच्या पुढचा आकडा म्हणजे फोकल लेन्थला त्या वाटेच्या व्यासाने भागून आलेलं उत्तर. त्यामुळे आकडा लहान तेव्हा वाट रुंद.

या भागाकारातून एक गंमतीची गोष्ट कळते. २०० मिमी एफ/२.८, ४०० मिमी एफ/५.६ आणि ५०० मिमी एफ/७.१ या तिन्हींचा भागाकार करून बघा. वाटेचा व्यास प्रत्येक वेळी ७१ मिमीच्या आसपासच येतो. म्हणूनच ७०-२०० एफ/२.८, १००-४०० आणि १००-५०० अशा वरवर वेगळ्या वाटणाऱ्या बऱ्याच लेन्सना ७७ मिमीचाच फिल्टर बसतो. ६०० मिमी एफ/६.३ साठी मात्र ९५ मिमीची वाट लागते, आणि तिथून वजन झपाट्याने वाढतं.

आता ४०० मिमीची लेन्स ३६ बाय २४ मिमीच्या, म्हणजे फुलफ्रेम सेन्सरवर लावली आणि ५० मीटरवरचा विषय टिपला, तर चौकटीत साधारण साडेचार मीटर रुंदीचा पट्टा मावतो. ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आडवे सव्वाआठ हजारांच्या आसपास पिक्सेल असतात. साडेचार मीटर तेवढ्यांत वाटले की एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. पन्नास मीटरवरची अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट! इतक्या बारकाईत कॅमेरा किंचित डगमगला, मधली हवा थोडी हलली, फोकस थोडा पुढे गेला, तरी परिणाम लगेच दिसणार. पुढचं सगळं याच हिशोबावर उभं आहे.

## ‘शार्प’ म्हणजे नेमकं काय?

एक कंगवा समोर धरा. जाड दात असलेल्या बाजूचा फोटो काढला तर दात काळे आणि फटी पांढऱ्या, अगदी स्पष्ट दिसतील. बारीक दातांच्या बाजूला काळा थोडा करडा होईल, पांढराही थोडा मळेल. दात आणखी बारीक केले तर सगळं मिळून एकच करडा पट्टा उरेल. लेन्स किती बारीक दातांपर्यंत काळं-पांढरं वेगळं ठेवते आणि किती ठसठशीतपणे ठेवते, या दोन्ही गोष्टी मिळून आपण ज्याला शार्पनेस म्हणतो तो बनतो.

हेच मोजून आलेखावर मांडलं की त्याला एमटीएफ म्हणतात. उभ्या अक्षावर शून्य ते एक, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक किती टिकला. आडव्या अक्षावर चौकटीच्या मध्यापासूनचं अंतर, फुलफ्रेमसाठी कोपऱ्यापर्यंत सुमारे २१.६ मिमी. कॅनन आणि निकॉनच्या आलेखांत एका मिलिमीटरमध्ये १० आणि ३० रेघजोड्यांसाठी (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) वेगवेगळ्या रेषा असतात. १० ची रेषा जाड दातांची, तिच्यावरून फोटोचा एकूण कॉन्ट्रास्ट कळतो. ३० ची बारीक दातांची, तिच्यावरून तपशील कळतो. प्रत्येकीची एक सलग आणि एक तुटक अशी जोडी असते, कारण कोपऱ्याकडे लेन्स एका दिशेच्या रेघा नीट दाखवते आणि तिला काटकोनात असलेल्या पुसट करते. जोडीतल्या दोन रेषा जवळजवळ चालत असतील तर धूसर पार्श्वभूमीही सहसा मुलायम येते.

टेलिफोटो झूमचा आलेख पाहताना मी सांगेन की नजर सरळ लांबच्या टोकाच्या ३० रेघजोड्यांच्या रेषेवर न्यावी, आणि तीसुद्धा डाव्या दोन-तृतीयांश भागात. पक्षी, खेळाडू, वन्यप्राणी हे विषय तिथेच असतात. अगदी कोपऱ्यात बहुतेक वेळा धूसर झाडी असते.

## मग दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवले की झालं ना?

नाही होत. काही कंपन्या आलेख संगणकावर, आराखड्यावरून काढतात. कॅनन आणि निकॉनचे आलेख असे गणिती आहेत. झाइसचे प्रत्यक्ष बनलेल्या लेन्सवर मोजलेले असतात, आणि तेही १०, २०, ४० रेघजोड्यांना. सिग्मा दोन प्रकारचे आलेख देते, एकात प्रकाशाच्या पसरण्याचा परिणाम धरलेला, दुसऱ्यात सोडलेला. वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या उंचीसारखं हे आहे.

शिवाय आलेख बहुधा पूर्ण उघड्या अपर्चरचा असतो. एफ/२.८ च्या लेन्सचा आलेख एफ/६.३ च्या लेन्सपेक्षा खाली दिसला म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही, तिने कितीतरी अवघड काम करून दाखवलेलं असतं. आणि संगणकी आलेखात तुमच्या हातात आलेल्या विशिष्ट लेन्सबद्दल एक अक्षरही नसतं.

मोजणी करणाऱ्या चाचणीस्थळांचे आकडेही असेच जपून वाचावेत. ते लेन्स आणि सेन्सर दोघांचे मिळून असतात, आणि हा हिशोब गुणाकाराचा आहे. लेन्सने ०.६ टिकवलं आणि सेन्सरनेही ०.६, तर फोटोत उरतं ०.३६. म्हणून २४ मेगापिक्सेलवर तपासलेल्या लेन्सचा आकडा ४५ मेगापिक्सेलवर तपासलेल्या दुसऱ्या लेन्सशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

## लेन्सच्या आत काय बिघडतं

काच वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळं वाकवते. त्यामुळे लाल, हिरवा, निळा एकाच जागी जमत नाहीत, आणि फोकल लेन्थ वाढली की ही फारकतही वाढते. तिला वर्णविपथन म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ओळखता यायला हवा. आकाशापुढच्या बारीक फांद्यांना चौकटीच्या कडेजवळ एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवट किनार दिसली, तर तो आडवा प्रकार. सॉफ्टवेअर एका टिचकीत काढतं. पण चौकटीच्या अगदी मध्यभागी, फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट झाक दिसली, तर तो खोलीतला प्रकार. तो पूर्ण निघत नाही, कारण त्यात रंगांबरोबर तपशीलही पुसलेला असतो. चांगल्या टेलिफोटोत कमी फारकत करणारी काच किंवा फ्लोराइट वापरतात ते याचसाठी. छायाचित्रणाच्या लेन्समध्ये कॅननने १९६९ साली ३०० मिमी एफ/५.६ मध्ये फ्लोराइट आणलं.

झूममध्ये अडचण दुहेरी होते. काचांचे गट पुढेमागे सरकत असताना प्रत्येक फोकल लेन्थला सगळे दोष एकदम आवरणं शक्य नसतं, कुठेतरी तडजोड करावी लागते. ती बऱ्याचदा लांबच्या टोकाला केली जाते, आणि दुर्दैवाने घेणाऱ्याला लेन्स हवी असते ती त्याच टोकासाठी. ७०-३०० ची सरासरी चांगली आली म्हणून ३०० ला चांगली असेलच असं नाही. सरासरी बाजूला ठेवा, टोकाचे आकडे स्वतंत्र पाहा.

दुसऱ्या बाजूने विवर्तन येतं. प्रकाश लहान छिद्रातून गेला की पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. हिरव्या प्रकाशात हा ठिपका एफ/५.६ ला साधारण ७.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ/८ ला १०.७, एफ/११ ला १५ च्या जवळ आणि एफ/१६ ला २१ च्या पुढे. वर सांगितलेल्या ४५ मेगापिक्सेल सेन्सरचा पिक्सेल ४.४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एफ/१६ ला एक बिंदू जवळपास पाच पिक्सेल व्यापतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, सर्वांत महागडी लेन्ससुद्धा त्यातून सुटत नाही. पूर्ण उघडी असतानाच एफ/६.३ असलेल्या झूमला म्हणून फारशी मोकळीक उरत नाही. ‘थोडं बंद करा, शार्प होईल’ हा सल्ला तिथे एफ/८ पर्यंत ठीक, एफ/११ च्या पुढे उलटतो.

## लेन्सच्या बाहेर काय बिघडतं

खरे गुन्हेगार बहुधा इथे सापडतात.

वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं डुचमळताना दिसतं, तसं गरम हवेतून सगळंच डुचमळतं. डांबरी रस्ता, छप्पर, गाडीचं बॉनेट, उन्हात तापलेली वाळू यांच्यावरून पाहिलं की शंभर मीटरवरची बारकाई कुठल्याही लेन्सला मिळत नाही. हे फक्त उन्हाळ्यातच होतं असा समज आहे. थंड हवेत उबदार खोलीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढला तरी आतली आणि बाहेरची हवा मिसळून तसंच होतं. उबदार जागेतून एकदम थंडीत आणलेल्या लेन्सच्या आतली आणि हूडमधली हवासुद्धा काही वेळ अस्थिर असते. अर्धा तास थांबावं.

फोकसचा मामला तर आणखी नाजूक. ४०० मिमी, एफ/५.६, विषय २० मीटरवर असेल तर नेहमीच्या तक्त्यानुसार सुमारे ८४ सेंटिमीटर खोली स्पष्ट दिसते. पण तो तक्ता छोट्या प्रिंटच्या हिशोबाने बनवलेला आहे. एका पिक्सेलचा काटेकोर निकष लावला तर तीच खोली १२ सेंटिमीटरवर येते. पक्ष्याचा डोळा आणि त्याचा खांदा यांतलं अंतर काही वेळा याहून जास्त असतं.

मग हादरा. ट्रायपॉडवर ठेवल्याने तो संपत नाही. लेन्सला कॉलर, म्हणजे ट्रायपॉड जोडायचं कडं, असेल तर ट्रायपॉड त्या कड्याला लावावा, कॅमेऱ्याच्या तळाला नव्हे, नाहीतर पुढचा जड भाग लंबकासारखा झुलत राहतो. दोन सेकंदांचा टायमर लांब लेन्सला अपुरा पडतो, दहा सेकंदांचा लावा. शटर यांत्रिक न ठेवता इलेक्ट्रॉनिक करा, निदान पहिला पडदा तरी. चाचणीपुरतं स्थिरीकरण बंद.

आणि समोर लावलेला संरक्षक फिल्टर! काच पूर्ण सपाट नसेल तर ३५ मिमीला ते कळतही नाही, ५०० मिमीला प्रत्येक फोटोत कळतं. लेन्स सॉफ्ट आहे म्हणून परत करण्याआधी फिल्टर काढून एक फोटो काढा.

यांतलं नेमकं काय झालंय हे ओळखायची सोपी युक्ती आहे. काहीही न हलवता दहा फोटो लागोपाठ काढा आणि पूर्ण आकारात एकामागून एक पाहा. सरळ कडा प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी नागमोडी होत असेल, एखादा फोटो मधूनच स्वच्छ येत असेल, तर दोष हवेचा. बारीक चमकदार ठिपके एकाच दिशेने ताणलेले दिसत असतील तर हादरा. विषय धूसर पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत लख्ख असेल तर फोकस. दहाही फोटो सारखेच, जिथे फोकस आहे तिथेच सगळ्या दिशांनी थोडे सॉफ्ट असतील, आणि फिल्टर नसेल, तरच लेन्सकडे बोट दाखवा.

## दोन लेन्सची तुलना स्वतः कशी करावी

लक्ष्य म्हणून बारीक छापील मजकूर असलेला सपाट कागद चालतो. त्याशेजारी सिमेन्स स्टार, म्हणजे मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचं चक्र, छापून लावलं तर फरक पटकन कळतो: पाकळ्या मध्यापासून जितक्या दूरवरच एकमेकींत मिसळतात, तितका तपशील कमी. अंतर फोकल लेन्थच्या पन्नासपट धरा, ४०० मिमीला २० मीटर. वेळ सकाळची लवकरची किंवा आभाळ भरलेली, मधली जमीन गवताची.

कॅमेरा एकच, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) सर्वांत कमी, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. प्रत्येक फोकल लेन्थ आणि अपर्चरच्या जोडीला पाच फोटो, आणि प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावायचा, एकदा जवळच्या बाजूने, एकदा लांबच्या. पाचांतला सर्वांत चांगला फोटो लेन्सची क्षमता दाखवतो. पाचांमधला फरक फोकस यंत्रणेचा भरवसा दाखवतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्ही लिहून ठेवा.

लेन्सवर ३०० लिहिलेलं असलं म्हणून चौकट सारखी येईल असं समजू नका. अनेक झूम जवळ फोकस केल्यावर आपली फोकल लेन्थ आखडतात, कधी बरीच. आखडलेल्या लेन्समध्ये लक्ष्य लहान येतं आणि ती उगीचच कमजोर ठरते. झूम फिरवून लक्ष्य दोन्हींत सारख्या आकाराचं करून घ्या, आणि तसं करताच येत नसेल तर तीही नोंद करण्याजोगी उणीव आहे.

अपर्चरची तुलना दोनदा करा. एकदा दोन्ही लेन्स समान आकड्यावर, एकदा प्रत्येकीचं अपर्चर पूर्ण उघडं. रॉ उघडताना शार्पनिंग दोघींना सारखं आणि अगदी कमी, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणं बंद, उजेड जुळवलेला. उजळ फोटो डोळ्याला अधिक शार्प वाटतो, निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

२० मीटरवरचा निकाल दूरवर तसाच लागू होईल याची खात्री नसते. काही लेन्स जवळ उत्तम आणि लांब साधारण असतात, काही उलट. एखाद्या शांत सकाळी दोनशे-तीनशे मीटरवरच्या बारीक तपशिलावर हीच फेरी पुन्हा घ्या.

## महागडी एफ/२.८ लेन्स नेहमी सरस असते का?

ती आणि एखादी एफ/६.३ ची झूम, दोन्ही एफ/८ वर ठेवल्या तर फरक अनेकदा इतका थोडा असतो की निराशा व्हावी. पैसे त्यासाठी मोजलेलेच नसतात. एफ/२.८ आणि एफ/६.३ मध्ये सव्वादोन स्टॉपच्या थोडं पुढे अंतर आहे; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. संध्याकाळी एकाच शटर स्पीडला एक लेन्स आयएसओ ४०० वर काम करते, दुसरीला २००० लागतो. त्या उजेडात पिसांचा तपशील नॉइजने आणि नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने खाल्लेला असतो, आलेखात लेन्स कितीही चांगली असो. भर उन्हात, स्थिर विषयावर मात्र हाच फायदा जवळजवळ शून्य.

पार्श्वभूमीचंही तसंच. धूसरपणा किती हे बहुतांशी वाटेच्या व्यासावर ठरतं, पण तो कसा दिसतो हे लेन्सगणिक बदलतं. फांद्यांच्या दुहेरी रेघा, उजेडाच्या ठिपक्यांत कांद्यासारखी वर्तुळं, कडेला चपटे झालेले ठिपके हे दोष कुठल्याही एमटीएफमध्ये थेट सापडणार नाहीत. विषयामागे पाच-सहा मीटरवर झुडूप ठेवून दोन्ही लेन्सने एकेक फोटो काढलात तर दहा मिनिटांत कळतं.

## टेलिकन्व्हर्टर लावावा की क्रॉप करावं?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून फोकल लेन्थ वाढवणारा जोड. १.४ पट टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो, २ पट दोन. तो लेन्सचे दोषही तेवढेच मोठे करतो. २०० मिमी एफ/२.८ वर २ पट लावला तर ४०० मिमी एफ/५.६ मिळते, वाट तीच ७१ मिमीची. मूळ लेन्स पिक्सेलपेक्षा जास्त तपशील देत असेल तरच त्यातून काही हाती लागतं. तपासायला सोपं आहे: एकदा टेलिकन्व्हर्टर लावून आणि एकदा न लावता, तोच मजकूर. दुसरा फोटो मोठा करून दोन्ही शेजारी ठेवा. अक्षरं टेलिकन्व्हर्टरवाल्या फोटोतच जास्त वाचता आली तर तो ठेवा. लांब टोकाला एफ/६.३ असलेल्या झूमवर २ पट लावणं मला व्यर्थ वाटतं. एफ/१३ झाल्यावर विवर्तन उरलंसुरलं पुसतं आणि ऑटोफोकसही चाचपडतो.

## एवढा फरक प्रत्यक्ष फोटोत दिसतो का?

४के पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख पिक्सेल. पूर्ण चौकट तिथे दाखवली तर ४५ मेगापिक्सेलचा फोटो रुंदीत निम्म्याहून लहान होतो आणि बहुतेक लेन्समधला फरक त्यात विरघळतो. ज्याला विषयाच्या जवळ जाता येतं, चौकट भरून फोटो मिळतो, त्याने पूर्ण आकारातल्या तुलनांवर झोप घालवू नये. ज्याला लहान पक्षी लांबून टिपून चौकटीचा आठवा भाग कापून घ्यावा लागतो, त्याला मात्र लेन्सचा प्रत्येक दोष पडद्यावर दिसणार आहे.

## नवी लेन्स घरी आली की

झूममध्ये अनेक गट सरकतात, त्यातला एक किंचित तिरका बसला तर चौकटीची एक बाजू कायम सॉफ्ट राहते. यासाठी लक्ष्य पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि दरवेळी तिथेच नव्याने फोकस करा. चौघांपैकी एक कोपरा उघडपणे मागे पडला तर शंका घ्या. भिंतीवर चाचणी केली असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढा: सॉफ्टपणा फाइलच्या त्याच बाजूला राहिला तर बिघाड लेन्स-कॅमेऱ्यात, भिंतीच्या त्याच भागाबरोबर सरकला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. सॉफ्टवेअर उलटा फोटो आपोआप सरळ करून दाखवत असेल तर इथे फसगत होते, ती सोय आधी बंद करा. लेन्समध्ये गडबड वाटली तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर एकदा पडताळून, परत करायची मुदत संपायच्या आत दुकानदाराला फाइलींसकट दाखवा.

लेन्स चांगली निघाली तर चाचणीच्या मूळ फाइली, अंतर, अपर्चर आणि फोकल लेन्थच्या नोंदीसह जपून ठेवा. लेन्स पुढेमागे पडली, आपटली किंवा दुरुस्त होऊन आली, तर त्याच अंतरावर तोच कागद लावून पाच मिनिटांत ताडून बघता येतं.